पिकदाणीवाल्या बाई

वाइन थुंकायला पितळी पिकदाणी वापरणाऱ्या बाई जगात दुसऱ्या कोणी असतील, तर त्यांची नि माझी गाठ अजून पडलेली नाही. ही पिकदाणी बाईंच्या सासऱ्यांची. सासरे पानतंबाखूचे शौकीन. ते गेल्यावर पिकदाणी भिसेगावच्या घरात माळ्यावर पडून होती. बाईंनी ती चिंचेने घासून लख्ख केली आणि खालापूरला आमच्या वायनरीत आणून टेबलावर ठेवली. मालकांनी बिचकत विचारलं, "बाई, हे काय?" तर म्हणाल्या, "परदेशात लोक बादलीत थुंकतात म्हणे. आम्ही घरंदाज माणसं."

आमची वायनरी म्हणजे टोलनाक्यापासून थोडं आत, डोंगराकडे तोंड करून बांधलेली पत्र्याची मोठी शेड. आत स्टीलच्या टाक्या आणि बाहेर शनिवार-रविवारी मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांसाठी लाकडी टेबलं. द्राक्षाचं एक पानही आसपास नव्हतं. द्राक्षं यायची दिंडोरीहून, टेंपोने, कसारा उतरून. मी त्याआधी एक्स्प्रेसवेवरच्या फूड मॉलमध्ये बटाटेवड्याच्या काउंटरवर होतो. इथे आठवडाभर टाक्या धुवायच्या, पंप चालवायचे आणि सुट्टीच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून पाहुण्यांना वाइन ओतून द्यायची, असं माझं काम. बोलायला मला येत होतं, वाइन कळत नव्हती. खरं सांगायचं तर पाहुण्यांनाही कळत नव्हती, त्यामुळे आमचं छान चाललं होतं.

त्यात बाई आल्या. कर्जतच्या शाळेत त्यांनी उभा जन्म रसायनशास्त्र शिकवलं. अर्ध्या कर्जतला आम्ल आणि अल्कली यांतला फरक त्यांच्यामुळे कळतो आणि उरलेल्या अर्ध्याला त्यांची पट्टी आठवते. निवृत्त झाल्यावर एका रविवारी भाचीच्या कुटुंबाबरोबर त्या आमच्याकडे सहज म्हणून आल्या. मी माझं पाठ केलेलं भाषण सुरू केलं. भाषण संपायच्या आत बाईंनी एक घोट तोंडात घेतला, गालातल्या गालात फिरवला, उठून शेजारच्या कुंडीत थुंकला आणि म्हणाल्या, "बी कच्चं होतं. आठवडाभर आधी तोडलीत."

मी हसलो. मालक मागेच उभे होते, ते हसले नाहीत. मुंबईचा तरुण माणूस, पण शिकायची हौस दांडगी. त्यांनी तिथल्या तिथे दिंडोरीला फोन लावला. टेंपो मिळत होता म्हणून तोड जरा लवकर उरकली, असं तिकडून कबूल झालं. पुढच्या सोमवारपासून बाई आमच्याकडे ब्लेंडर म्हणून रुजू झाल्या. म्हणजे कुठल्या टाकीतली किती वाइन कशात मिसळायची, हे त्या ठरवणार आणि आम्ही मुकाट्याने मिसळणार.

आमची लाल वाइन दोन द्राक्षांची, शिराज आणि कॅबरनेट. बाई ते असं समजावायच्या: "शिराज म्हणजे वरमाय. येते तीच गाजावाजा करत. कॅबरनेट म्हणजे मुलीचा बाप. तोंडातून शब्द काढत नाही, पण तो नसेल तर लग्न लागत नाही." मग शाळेतल्यासारखं मोजपात्र डोळ्यांच्या रेषेत धरून त्या एकेक थेंब वाढवत बसायच्या. काचकांडीने ढवळायचं, वास घ्यायचा, घोट घ्यायचा आणि पिकदाणीत सोडून द्यायचा. आयुष्यात एक थेंब घशाखाली गेला नाही. "मी पीत नाही, चाखते," हे त्या इतक्या वेळा सांगायच्या की शेवटी पाहुण्यांनाही तसंच म्हणायची सवय लागली; पिऊन झाल्यावरसुद्धा ते तेच म्हणायचे.

महत्त्वाचं मिश्रण ठरवायचं असलं की बाई संकष्टीचा दिवस निवडायच्या. उपासाच्या तोंडाला चव नेमकी कळते, असं त्यांचं शास्त्र. "बाई, उपासाला वाइन?" असं मी एकदा न राहवून विचारलं. "पोटात गेली तर उपास मोडेल," त्या म्हणाल्या. "पिकदाणीचा उपास थोडाच आहे?" बाप्पालाही हे पटलं असावं, कारण इतक्या वर्षांत त्याने तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

भिसेगावात मात्र कुजबुज झाली. एवढी मोठी शिक्षिका, नाव कमावलेलं घर, आणि आता दारूच्या कारखान्यात जाते! हळदीकुंकवाला एक शेजारीण त्यांना तसं बोलली. बाईंनी शांतपणे तीळगूळ तोंडात टाकला आणि सांगितलं, "तुमच्या यजमानांना विचारा हो, कुठल्या वर्षीची चांगली होती. ते नेमाने येतात." त्यानंतर कुजबुज थांबली.

पाहुण्यांची त्या भीडभाड ठेवायच्या नाहीत. एक साहेब ग्लास गोल गोल फिरवत म्हणाले, "ब्लॅकबेरीची चव येतेय." बाईंनी विचारलं, "ब्लॅकबेरी खाल्लीय तुम्ही?" साहेब म्हणाले, नाही, पण बाटलीवर लिहिलंय. "मग जांभूळ म्हणा," बाई म्हणाल्या. "जे खाल्लंय त्याचंच नाव घ्यावं." साहेबांनी पुन्हा घोट घेतला, डोळे मिटले आणि गणिताचं उत्तर जुळल्यावर पोरं ओरडतात तसे ओरडले, "अहो, जांभूळच आहे!" त्या दिवशी मी माझं पाठ केलेलं भाषण टाकून दिलं. जांभूळ, करवंद, भाजलेलं वांगं, चुलीवरचं दूध, नव्या कोल्हापुरी चपलेचा वास, एवढ्या शब्दांत मी पुढे सगळी वाइन विकली.

बाईंचं एक वाक्य आमच्या शेडमध्ये सगळ्यांना तोंडपाठ होतं: "साखर घाई करते, बी करत नाही." द्राक्ष लवकर गोड होतं आणि यंत्र लावलं की साखर भरली म्हणून आकडाही दाखवतं. पण आतलं बी पिकायला वेळ घेतं, आणि हिरव्या बियांची वाइन जिभेला कचकचते. म्हणून तोडणीच्या आधी बाई स्वतः दिंडोरीला जायच्या. गाडी मी चालवायचो. बागेत शिरल्या की पदर खोचून वेलीखालून चालायच्या, एकेक द्राक्ष तोंडात टाकायच्या, गर बाजूला सारून बी दाढेखाली चावायच्या. बी कुरकुरीत लागलं तर "तोडा". चिवट लागलं तर "थांबा". बागायतदार यंत्र पुढे करून गयावया करायचे. बाई यंत्राकडे बघायच्यासुद्धा नाहीत.

दिंडोरी हे बाईंचं माहेर. त्यांचा धाकटा भाऊ अजून तिथे बाग करतो. काळी जमीन, थंडीत अंगावर काटा येईल अशा रात्री आणि कोरडी हवा. द्राक्षाला जे जे लागतं ते सगळं देवाने तिकडे वाढून ठेवलंय. भाऊ मोठा गमत्या माणूस. जेवायला बसलं की त्याची एकच मस्करी ठरलेली. "आक्का, तुझ्या सासरी काय पिकतं गं? भात आन् बेडूक!" सगळं घर हसायचं. बाईही हसायच्या. पण परतीच्या वाटेवर कसाऱ्याचा घाट उतरेपर्यंत त्या एक अक्षर बोलायच्या नाहीत.

एकदाच बोलल्या. "लग्न होऊन आले तेव्हा इथे मी नाशिकवाली होते. केलेली आमटीसुद्धा नाशिकची म्हणून तिखट लागायची सासरच्यांना. आणि तिकडे गेले की मी कोकणवाली. इकडची नाही, तिकडची नाही." मग खिडकीबाहेर, घाटाखालच्या भातखाचरांकडे बोट केलं. "माझ्या सासरच्या मातीतलं काहीतरी एकदा भावाच्या ताटात पडलं पाहिजे. आणि त्याने ते मागून घेतलं पाहिजे. बस, एवढं झालं की मी मोकळी."

त्याच खेपेला त्यांनी भावाच्या बागेतून शिराजच्या काड्या मागून घेतल्या होत्या. ओल्या गोणपाटात गुंडाळून, लहान मूल घ्यावं तशा मांडीवर घेऊन त्या दिंडोरीहून खालापूरपर्यंत आल्या. निघताना भावाने गाडीच्या खिडकीशी वाकून सांगितलं होतं, "आक्का, बेडकांना सावली होईल बघ!"

बाईंच्या सासरची थोडी वरकस जमीन आमच्या शेडसमोरच्या डोंगराच्या पायथ्याला होती. भाताच्या कामाची नाही, म्हणून उताराला तशीच पडलेली. तिथे त्यांनी वेल लावले. जोडीला होती ठाकरवाडीतली सोमी. वयाने बाईंच्या बरोबरीची, आणि बाईंना अगं-तुगं करणारी तालुक्यातली एकमेव व्यक्ती. बाकी सगळ्यांनी बाईंना वेड्यात काढलं. आमच्याकडचा पाऊस म्हणजे काही दिंडोरीचा शिडकावा नव्हे. चार महिने ढग खाली उतरून बसतात आणि वेलीच्या पानापानावर केवडा, म्हणजे बुरशीचा रोग, पडतो. बाईंनी रांगांवर प्लास्टिकचं छप्पर घातलं. मोरचूद आणि चुना स्वतः कालवून फवारला. त्या पावसाळ्यात त्यांचे हात कायम निळे असायचे आणि तशाच हातांनी त्या येऊन आमच्या टाक्या तपासायच्या.

पाऊस सरला की छाटणी, मग फुटवा. पहिली दोन वर्षं नुसतीच पानं. तिसऱ्या हिवाळ्यात मात्र खरोखर घोस लागले. लहान, जांभळे, घट्ट. मी स्वतः पाहिले म्हणून सांगतो, नाहीतर माझाही विश्वास बसला नसता. बुलबुलांनी टोचू नये म्हणून बाईंनी वेलींवर आपल्या जुन्या साड्या अंथरल्या. शाळेत नेसायच्या त्या सगळ्या. हायवेकडून येणारे लोक वळून बघायचे; एवढं धुणं कोणाचं, म्हणून मला विचारायचे.

बी चावून बाई रोज सांगायच्या, "अजून नाही. अजून नाही." आणि मग माथेरानच्या अंगाने माकडं उतरली.

सोमी धावत शेडवर आली. "बाई, चल गं! एक वळ सगळी खाल्ली मुडद्यांनी! तू साड्या लावल्या, पन माकडाला काय साडीचं भ्याव हाय?" आम्ही गेलो तेव्हा एक मोठा नर बाईंची अबोली रंगाची साडी खांद्यावर घेऊन बांधावर बसला होता. एका रांगेत नुसते देठ उरले होते. बाई सरळ आत शिरल्या. शेवटच्या रांगेतलं एक द्राक्ष तोडून तोंडात टाकलं, बी चावलं, डोंगराकडे पाहिलं. "उद्या तोडू."

"बाई, बी?" मी विचारलं.

"झालंय रे. बऱ्यापैकी."

बऱ्यापैकी हा शब्द मी त्यांच्या तोंडून तोवर कधी ऐकला नव्हता. पण सोमी काठी घेऊन उभी होती, अंधार पडत होता, आणि मी क्रेट गोळा करायला लागलो.

त्या द्राक्षांची वाइन जेमतेम एक लहान टाकी भरेल एवढी झाली. मालकांचा आनंद बाईंपेक्षा मोठा. आमच्या लाल मिश्रणात ही थोडी जरी मिसळली, तरी बाटलीवर कर्जत-खालापूरचं नाव घालता येईल. मुंबईच्या पाहुण्याला समोरचा डोंगर दाखवून सांगता येईल की हे इथलं. त्यांनी उताराचं चित्र असलेली लेबलं छापूनही आणली. बाई म्हणाल्या, "आधी जीभ, मग लेबल." पण लेबल हातात घेऊन त्या बराच वेळ बघत होत्या, हेही मी पाहिलं.

मिश्रणाचा निवाडा बाई नेहमी डोळ्यांवर पट्टी बांधल्यासारखा करायच्या. मी आतल्या खोलीत ग्लास भरायचो, बुडाला खडूने खूण करायचो, आणि कशात काय आहे ते त्यांना सांगायचं नाही असा दंडक. "नाव कळलं की जीभ लाचार होते," असं त्या म्हणायच्या. त्या संकष्टीला मी तीन ग्लास भरले. एकात नेहमीची शिराज-कॅबरनेट. दुसऱ्यात तीच, पण बाईंची वाइन बऱ्याच प्रमाणात. तिसऱ्यात बाईंची थोडीशीच. त्या वर्षी दिंडोरीच्या नव्या बागांचा मालही आला होता, त्यामुळे कुठल्या ग्लासात कोणाचं द्राक्ष, हे बाईंना आधी कळायला मार्ग नव्हता. बाईंनी सोमीलाही बोलावलं होतं. ती दारात बसली होती. मालक हाताची घडी घालून उभे. मला मनापासून वाटत होतं की बाईंनी दुसरा ग्लास उचलून "हा" म्हणावं. गणपतीला मी नारळही बोललो होतो.

पहिला ग्लास चाखून बाईंनी मान हलवली. दुसऱ्याचा वास घेतला, घोट घेतला, आणि फळ्यावर कोणीतरी चुकीचं समीकरण लिहावं तसा त्यांचा चेहरा झाला. पिकदाणीत पचकन थुंकल्या.

"बी कच्चं आहे यातलं. चांगलं कच्चं. कोणाची द्राक्षं घेतलीत? तोडणाऱ्याला द्राक्ष कळत नाही. माकडं मागे लागल्यासारखी तोडलीत मेल्याने!"

मी खाली बघायला लागलो. आणि दारातून सोमी खो खो हसली. "अगं बाई, माकडंच व्हती की गं! द्राक्षं आपलीच असतील ती!"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला काही सांगावं लागलं नाही. त्यांनी ग्लास उंच करून बुडाची खूण पाहिली, आणि सावकाश खाली ठेवला. मालक घाईने म्हणाले, "बाई, तिसरा बघा ना, त्यात कमी आहे." बाईंनी तिसराही चाखला. नियम म्हणजे नियम.

"हा कमी कच्चा आहे."

"एवढ्याशाने काय होतंय? पिणाऱ्यांना कळणारसुद्धा नाही."

"दुसऱ्यांच्या पोरांना जन्मभर नापास केलं मी," बाई म्हणाल्या. "आता माझी आली म्हणून वर ढकलू?" पदराने डोळे पुसले, कोणापासून लपवलं नाही. "वाईट वाटतंय रे. फार वाटतंय. दिंडोरीच्या लोकांना थांबायला लावते मी, आणि स्वतःला थांबता आलं नाही. पहिला ग्लास घ्या. निघा आता कामाला."

मालकांचं कौतुक असं की त्यांनी पुन्हा शब्द काढला नाही. लेबलं गोदामात गेली आणि त्या वर्षीची बाटली दिंडोरीच्या नावानेच निघाली. ती आजवरची सगळ्यांत चांगली होती, हे मी विकणारा म्हणून नाही, पिणारा म्हणून सांगतो. हो, मी पितो.

लहान टाकीचं काय करायचं, म्हणून मी आठवड्याने भीत भीत विचारलं. "ओतून टाकू का?"

"वेडा की खुळा?" बाई पूर्वीच्या आवाजात कडाडल्या. "रसायनशास्त्र वाइनपाशी संपतं की काय?"

वाइन उघडी ठेवली तर तिचं व्हिनेगर होतं, एवढं मलाही माहीत होतं. आमच्या शेडमध्ये ते करता येत नाही. एकदा ते जंतू टाक्यांना लागले की सगळ्याच मालाची वाट. म्हणून बाईंनी सगळी वाइन भिसेगावला नेली, पडवीत चिनी मातीच्या बरण्या मांडल्या आणि तोंडाला फडकी बांधली. आळीभर आंबूस वास सुटला. हळदीकुंकवाला बोलली होती तीच शेजारीण नाकाला पदर लावून आली. "बाई, आता घरीपण काढायला लागलात?" बाई हसल्या, आत चला म्हणाल्या आणि तिला पन्हं दिलं. बरणीतलं मात्र कोणालाच दिलं नाही. मी गेलो की चमचा बुडवून चाखायच्या आणि फडकं परत बांधायच्या. "अजून नाही." पावसाळा गेला, दिवाळी गेली. मी म्हटलं, बाई, आता झालं असेल. तर म्हणाल्या, "माकडं आली तरी हलणार नाही आता मी."

जानेवारीत आम्ही दिंडोरीला गेलो. बाईंच्या पिशवीत, पिकदाणीच्या शेजारी, एक बुचाची बाटली होती.

भावाच्या घरी बाजरीची भाकरी आणि वांग्याचं भरीत होतं. बाईंनी स्वयंपाकघरात जाऊन लाल कांदे पातळ चिरले, मीठ लावलं, वरून बाटलीतलं शिंपडलं आणि सगळ्यांच्या पानांत वाढलं. भाऊ बोलत होता. या वर्षी थंडी कशी पडली, कोणाच्या बागेला भुरी लागली. बोलता बोलता कांद्याचा घास तोंडात गेला आणि त्याचं बोलणं थांबलं. त्याने दुसरा घास घेतला. मग तिसरा, भाकरीशिवाय. ताट बायकोकडे सरकवून म्हणाला, "वाढ गं अजून." संपलं तशी त्याने बाटलीच ओढून घेतली, उजेडात धरली. जांभळट, स्वच्छ.

"आक्का, द्राक्षाचं दिसतंय हे. पण एवढं खणखणीत आंबट? आपल्या द्राक्षाला साखरच इतकी, की असं कोणाचं होत नाही. कुठल्या बागेचं गं?"

बाईंनी भाकरीचा तुकडा मोडला, भरिताला लावला, खाल्ला. पुरता चावून खाल्ला.

"सासरच्या."

भावाने बाटली खाली ठेवली. एकदा त्याने बाईंकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मी मान डोलावली. मस्करी करायला त्याने तोंड उघडलंही होतं बहुतेक, पण मग ते मिटलं, आणि ताट पुन्हा पुढे सरकवून तो म्हणाला, "वाढ."

उरलेली बाटली त्याने ठेवून घेतली. परत येताना कसाऱ्याचा घाट उतरून शहापूर येईपर्यंत बाईंचं तोंड एक क्षण बंद नव्हतं.